सूत्रधाराच्या तोंडी गल्लीची बोली

शाळेत असताना एका वक्तृत्व स्पर्धेत मी लोकमान्य टिळकांवर बोलायला उभा राहिलो होतो. भाषण तोंडपाठ होतं. पण पहिल्याच वाक्यात ‘टिळक’चं ‘टिलक’ झालं आणि समोरची पोरं हसली. मी घाबरलो. घाबरल्यावर ‘बाणेदार’चं ‘बानेदार’ झालं, मग हसू अजून वाढलं. बक्षीस मिळालं नाहीच, वर एका परीक्षकांनी जवळ बोलावून समजावलं, “बाळा, विषय चांगला मांडलास, पण आधी उच्चार सुधार.” त्यांचा हेतू चांगलाच असावा. मी मात्र त्यानंतर कित्येक वर्षं स्टेजवर चढलो नाही.

घरी आल्यावर अब्बांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “हंसे तो हंसने दे. तू पूरा बोल्या ना?”

आमचं गाव वाशीम जिल्ह्यातलं. तेव्हा हा जिल्हा अकोल्यातच होता, वेगळा झाला तो 1 जुलै 1998 ला. आमच्या घरात दखनी चालायची, गल्लीत वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी आणि मदरशात थोडी उर्दू. या चारही भाषा आम्ही एकाच दिवसात, कधी कधी एकाच वाक्यात बोलायचो. कुठली भाषा कुठे संपते हे आम्हाला कळत नव्हतं. ते पहिल्यांदा कळलं त्या स्टेजवर, लोक हसले तेव्हा.

आता दुसरी आठवण. त्याच काळातल्या रविवारच्या सकाळी गल्लीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या ओसरीवर आम्ही सगळे जमायचो. एक जण छतावर अँटेना धरून उभा, बाकीचे खाली. दूरदर्शनवर डिस्नेची कार्टून हिंदीत लागायची, ‘डकटेल्स’ आणि ‘टेलस्पिन’. ‘टेलस्पिन’मध्ये डॉन कार्नेज नावाचा एक लांडगा होता, हवेत लूटमार करणाऱ्या चाच्यांचा कप्तान. स्वतःवर भलताच खूश असलेला आणि शब्दांना वाटेल तसा पीळ देऊन बोलणारा. त्यानं तोंड उघडलं की ओसरी हसून लोटपोट. सोमवारी शाळेत पोरं त्याच्यासारखं बोलून दाखवायची. माझ्या ‘टिलक’ला हसणारीही त्यांत होती. पण लांडग्याला कुणी उच्चार सुधारायला सांगितलं नाही. त्याच्यासारखं बोलता येणं ही उलट मिजास होती.

तो हिंदी आवाज जावेद जाफरींचा होता, हे मला खूप वर्षांनी समजलं. डिस्नेच्या हिंदी कार्टूनमध्ये मिकी माऊस आणि गूफी यांनाही त्यांनीच आवाज दिला. म्हणजे एकाच गळ्यातून चिमणीसारखा बारीक मिकी, पाणी भरल्या माठासारखा बुडबुडणारा गूफी आणि वर तो अकडबाज लांडगा! पडद्यावर तिघांचे चेहरे होते, जाफरींचा नव्हता. आम्ही त्यांना ‘मेरी जंग’मधला खलनायक आणि नाचणारा पोरगा म्हणून ओळखत होतो. तो चित्रपट 1985 चा. पुढे 1996 पासून सोनीवरच्या ‘बूगी वूगी’नं त्यांना घरोघरी नेलं. मात्र आमच्या पिढीच्या कानात ते त्याआधीच येऊन बसले होते, नाव न सांगता.

आवाज नंतर, चित्र आधी

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. मूळ कार्टून तयार होताना आधी कलाकाराचा आवाज रेकॉर्ड करतात आणि त्यावर चित्रकार ओठ आणि हावभाव काढतात. चित्र आवाजाच्या मागे चालतं. डबिंगमध्ये उलटं होतं. चित्र आधीच बनलेलं असतं, पात्राचं तोंड कधी उघडणार, कधी मिटणार हे ठरलेलं असतं. हिंदी कलाकाराला हेडफोनमध्ये मूळ आवाज ऐकू येतो, समोर पडदा, हातात संवादाचा कागद. प, ब, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. म्हणून पात्राचे ओठ मिटतात तिथे शक्यतो तशीच अक्षरं बसवावी लागतात. वाक्य लांबलं तर पात्र तोंड मिटून बोलतंय असं वाटतं, आखूड पडलं तर नुसतंच तोंड हलवतंय असं दिसतं.

त्यात विनोद असला की अडचण दुप्पट. विनोद भाषांतर होऊन येत नाही. अमेरिकेतला डॉन कार्नेज जिम कमिंग्स या कलाकारानं केला होता. त्याच्या बोलण्यात स्पॅनिश, इटालियन, फ्रेंच अशा लकबींची खिचडी होती आणि हसू त्या खिचडीचं होतं. दतियातल्या, दादरच्या किंवा मंगरूळपीरच्या पोराला इटालियन लकब कशी कळणार? हिंदी कलाकाराला तीच गंमत आपल्या मातीतून नव्यानं शोधावी लागते. त्यासाठी आधी त्याच्या कानात भरपूर माणसं साठलेली असावी लागतात.

जावेद जाफरींच्या कानात ती कुठून आली? इथे त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगावी लागते.

तीन रुपयांचे सहा रुपये

सय्यद इश्तियाक अहमद जाफरी, म्हणजे आपले जगदीप. जन्म 1939, मध्य प्रदेशातल्या दतियात. फाळणीच्या सुमारास वडील वारले आणि आई मुलाला घेऊन मुंबईला आली. आई काबाडकष्ट करायची, पोरगा रस्त्यावर किडुकमिडुक वस्तू विकायचा. सिनेमात गर्दीला पोरं हवी होती म्हणून तो गेला. चित्रपट होता बी. आर. चोप्रांचा ‘अफसाना’, साल 1951. बाकीच्या पोरांसारखं नुसतं बसून राहिलं तर तीन रुपये मिळणार होते. पण एक उर्दू संवाद होता आणि तो कुणाला नीट म्हणता येईना. या पोराची घरची भाषाच उर्दू. त्यानं तो म्हटला आणि तीनाचे सहा रुपये झाले. ही गोष्ट जगदीप स्वतः सांगायचे.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. घरची बोली बाजारात पहिल्यांदा कामी आली ती अशी. दोन वर्षांनी ‘दो बिघा जमीन’मध्ये हाच मुलगा बूटपॉलिशवाला पोरगा म्हणून दिसला. आणि 1975 मध्ये ‘शोले’त त्यानं सूरमा भोपाली उभा केला. पाच-दहा मिनिटांची भूमिका, पण भोपाळच्या गल्लीतली ती ऐटबाज, पान चघळत ओढलेली बोली साऱ्या देशाला पाठ झाली. लोक जगदीप हे नाव विसरले, सूरमा भोपाली लक्षात राहिला. 8 जुलै 2020 ला ते गेले तेव्हा बातम्यांचे मथळेही त्याच नावाचे होते.

पण इथे एक बोचणारी गोष्ट आहे. सूरमा भोपालीची बोली लोकांना आवडली, पण सूरमा हा थापाड्या आहे. फुशारक्या मारतो आणि त्या थापा ज्यांच्याविषयी आहेत तेच समोर येऊन उभे राहिले की गळपटतो. त्याच्या दहा वर्षं आधी, 1965 च्या ‘गुमनाम’मध्ये मेहमूदनं हैदराबादी ढंगात बोलणारा खानसामा केला होता. तोही धमाल, तोही लोकप्रिय, आणि तोही नोकर. हिंदी सिनेमात दखनी किंवा भोपाली बोलणारा माणूस येतो तो बहुतेक वेळा हसू होण्यासाठीच. नायक स्वच्छ हिंदुस्तानी बोलतो, बोली बोलतो तो त्याचा नोकर किंवा बावळट मित्र.

या हसण्यात आणखी एक मजा लपली आहे. हैदराबादी म्हणून ज्या ‘नक्को’वर देश हसतो, तो आपल्या मराठीतला ‘नको’ आहे. ‘वोइच’, ‘ऐसाइच’ यातला शेवटचा ‘च’ हाही मराठीचाच ‘च’. बहमनी काळापासून दख्खनमध्ये उत्तरेकडून आलेली भाषा आणि इथली मराठी, तेलुगू, कन्नड एकत्र नांदल्या आणि दखनी घडली. आपला वऱ्हाड इमादशाहीत होता, पुढे निजामाकडे गेला, 1853 मध्ये इंग्रजांच्या कारभारात आला. त्यामुळे आपल्याकडच्या मुसलमानाची बोली ही दखनी आणि वऱ्हाडीची सख्खी बहीण आहे. माझ्या दादीचं ‘मेरेकू नक्को’ आणि शेजारच्या काकूंचं ‘मले नोको’ एकाच चुलीवर शिजलेलं. तरी एकावर लोक ‘मुसलमानी’ म्हणून हसतात आणि दुसऱ्यावर ‘गावंढळ’ म्हणून.

जो ससा सहसा हरत नाही

जगात कार्टूनच्या विनोदी आवाजाचा उस्ताद मानला जातो तो मेल ब्लँक (1908–1989). अमेरिकेतल्या एका यहुदी कुटुंबातला हा माणूस. बग्ज बनी, डॅफी डक, पोर्की पिग हे सगळे त्याचेच. ‘हजार आवाजांचा माणूस’ असं त्याला म्हणत. बग्ज बनी या सशासाठी त्यानं न्यूयॉर्कच्या ब्राँक्स आणि ब्रुकलिन भागांतली बोली एकत्र केली. हे भाग यहुदी, इटालियन, आयरिश अशा बाहेरून आलेल्या कष्टकऱ्यांचे. तिथलं बोलणं म्हणजे सभ्य अमेरिकेच्या लेखी रस्त्यावरचं बोलणं.

ब्लँकच्या आधी कार्टूनमध्ये आवाज देणाऱ्याचं नाव पडद्यावर सहसा येत नसे. त्यानं पगारवाढ मागितली, निर्मात्यानं नाकारली. मग तो म्हणाला, पैसे नाहीत तर निदान नाव तरी टाका. अशा रीतीनं 1940 च्या दशकात त्याचं नाव पडद्यावर झळकू लागलं. पुढे टीव्हीचा जमाना आला. 1960 मध्ये ‘फ्लिंटस्टोन्स’ ही मालिका सुरू झाली आणि 1961 च्या जानेवारीत ब्लँकच्या गाडीला भीषण अपघात झाला. तो बेशुद्ध होता, कुणाच्याही हाकेला ओ देत नव्हता. त्याच्या घरचे सांगत की एका डॉक्टरनं शेवटी “काय बग्ज बनी, कसा आहेस?” असं विचारलं आणि उत्तर आलं, तेही सशाच्याच आवाजात. नंतर प्लास्टरमध्ये पडल्या पडल्या त्यानं त्या मालिकेतलं बार्नी रबल हे पात्र रेकॉर्ड केलं. मायक्रोफोन त्याच्या खाटेवर टांगला होता.

ब्लँकची ही कथा बहुतेकांना माहीत असते. मला त्यातलं वेगळंच दिसतं. बग्ज बनी रस्त्यावरची बोली बोलतो आणि तरीही सहसा हरत नाही. बंदूक शिकाऱ्याच्या हातात, अक्कल सशाकडे. आपण सशाला हसत नाही, सशाबरोबर शिकाऱ्याला हसतो. बोली तीच, पण तिच्याबरोबर पात्राला डोकं दिलं की हसण्याची दिशा फिरते. सूरमाला बोली मिळाली होती, डोकं मिळालं नव्हतं.

निवेदकाची खुर्ची

आता परत जावेद जाफरींकडे. त्यांच्या आवाजाचं सगळ्यात गाजलेलं काम कार्टूनमधलं नाही, पण कार्टूनच्या वाहिनीवरचं आहे. 2004 मध्ये पोगो ही मुलांची वाहिनी सुरू झाली. त्यावर ‘ताकेशीज कॅसल’ हा जपानी खेळ हिंदीत येऊ लागला. मूळ खेळ 1986 ते 1990 मधला. तलावातल्या दगडांवरून उड्या मारायच्या, त्यातले काही दगड तरंगते. षटकोनी खोल्यांच्या भुलभुलैयातून पळायचं. शंभराच्या आसपास लोक निघतात आणि जवळजवळ सगळे चिखलात पडतात.

इथे ओठांचं बंधन नव्हतं. पात्राच्या तोंडात शब्द बसवायचे नव्हते, वरून बोलायचं होतं. आणि जाफरींनी काय केलं? जपानी खेळाडूंना देशी नावं दिली, देशी टोमणे दिले, मुंबईच्या नाक्यावरची भाषा दिली. कुणी चिखलात पडला की आमच्या घरातली सगळ्यात म्हातारी बाई आणि सगळ्यात धाकटं पोर एकाच वेळी हसायचं. माझ्या दादीला जपान कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. ती म्हणायची, “ये छोकरा अपने मोहल्ले का दिखता.”

दादी नकळत नेमकं बोलली होती. भारतीय टीव्हीवर वरून बोलणारा आवाज, म्हणजे निवेदक, हा कायम शुद्ध भाषेचा असायचा. बातम्या, माहितीपट, क्रिकेटचं धावतं वर्णन, सगळीकडे. गल्लीची बोली असायची ती पात्राच्या तोंडी, आणि पात्राला हसायला निवेदक आणि प्रेक्षक मोकळे. ‘ताकेशीज कॅसल’मध्ये गल्लीची बोली निवेदकाच्या खुर्चीत जाऊन बसली. आता ती बघत होती, तोलत होती, नावं ठेवत होती. हसू होण्याची पाळी दुसऱ्याची होती. बापानं ‘शोले’त जी बोली टोपी घालून पडद्यावर उभी केली, लेकानं तिला पडद्याच्या वरची जागा दिली.

म्हणूनच त्या कार्यक्रमाची आठवण अजून जात नाही. 2023 मध्ये नवा ‘ताकेशीज कॅसल’ ओटीटीवर आला, भुवन बाम या यूट्यूबरनं हिंदी निवेदन केलं. तेव्हाही लोक तुलना करत होते ती जाफरींशीच.

सगळं कौतुकच करायचं तर लेखाला अर्थ नाही. 2008 मध्ये ‘रोडसाइड रोमिओ’ आला. यशराज आणि डिस्नेचा हा अॅनिमेशनपट, दिग्दर्शक जुगल हंसराज, सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्यात मुंबईच्या भटक्या कुत्र्यांचा दादा आहे चार्ली अण्णा. आवाज जाफरींचा, ढंग दाक्षिणात्य. आवाज म्हणून तो झकास आहे, सिनेमातली सगळ्यात जिवंत गोष्ट तीच. पण मुंबईत राहणाऱ्या तमिळ माणसाला ते ऐकताना काय वाटलं असेल? 1968 च्या ‘पडोसन’मधल्या मेहमूदच्या मास्टर पिल्लैवर जे हसले, त्यांच्याबद्दल हाच प्रश्न आहे. आपल्या बोलीला हसलं की आपल्याला लागतं, दुसऱ्याच्या बोलीला हसताना आपण टाळ्या देतो. चार्ली अण्णाच्या वेळी मीही दिली होती.

आणखी एक गोष्ट मनात येते. 2014 मध्ये जावेद जाफरी लखनौहून आम आदमी पक्षातर्फे लोकसभेला उभे राहिले आणि पडले. निवडणुकीत चेहरा लागतो आणि चेहऱ्याबरोबर नाव, आडनाव, जात, जमात सगळं येतं. त्यांच्या मिकीला आणि गूफीला हे कधी कुणी विचारलं नव्हतं. ओसरीवर बसलेली आम्ही पोरं कुणाची कोण हे त्या लांडग्याला माहीत नव्हतं आणि लांडगा कुणाचा कोण हे आम्हाला.

वाशीमची रीत

शेवटी माझ्या जिल्ह्याविषयी. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. तिचा संस्थापक राजा सर्वसेन यानं ‘हरिविजय’ हे काव्य रचलं, तेही संस्कृतात नाही, प्राकृतात. पुढे दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखर नावाच्या नाटककारानं ‘कर्पूरमंजरी’ लिहिलं. त्यात काव्याच्या रीतींमध्ये ‘वच्छोमी’ असं नाव येतं. वच्छोमी म्हणजे वत्सगुल्मची, आपल्या वाशीमची. सुंदर बोलण्याच्या एका रीतीला एके काळी या गावाचं नाव होतं.

जुन्या संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलायचा, सूत्रधारही. बायका, नोकर आणि विदूषक प्राकृत बोलायचे. म्हणजे हसवणाऱ्याच्या तोंडी बोली, हा रिवाज ‘शोले’चा नाही, दीड-दोन हजार वर्षांचा आहे. राजशेखरानं ‘कर्पूरमंजरी’ अख्खं प्राकृतात लिहिलं. त्यात राजाही प्राकृत बोलतो. नाटकाच्या सुरुवातीलाच प्रश्न येतो की कवीनं संस्कृत सोडून हे का निवडलं, आणि तो त्याचं उत्तरही देतो. ते वाचताना मला दादी आणि ‘ताकेशीज कॅसल’ आठवलं. विदूषकाची भाषा राजाच्या तोंडी देण्याचं धाडस कुणीतरी तेव्हाही केलं होतं.

प्रमाण मराठी शिकू नये असं मी म्हणत नाही. मी तिच्यातच लिहितो, माझी पोटापाण्याची भाषा तीच आहे, आणि ‘टिळक’ आता मला नीट म्हणता येतं. पण ते शिकण्यासाठी आधी लाजावं लागलं, हे गरजेचं नव्हतं. आमच्या भागातली मुस्लिम पोरं मराठीत बोलायला अजून बिचकतात. एखादा ‘ळ’ घसरला की वर्ग हसतो आणि हुशार पोरगं गप्प होतं. घरात मात्र तेच पोरगं मामूची, दुकानदाराची, बसच्या कंडक्टरची हुबेहूब नक्कल करतं. चार भाषा ऐकत वाढलेला कान आहे त्याचा. आवाजाच्या धंद्यात याच कानाला पैसे मिळतात.

माझ्या पुतण्याचं वय आता नऊ. तो मोबाईलवर क्रिकेटचे जुने तुकडे आवाज बंद करून लावतो आणि वरून स्वतः बोलतो, निम्मं वऱ्हाडीत, निम्मं दादीच्या भाषेत. परवा त्यानं एका फलंदाजाला बाद केलं आणि म्हणाला, “जाय बे घरी, अब्बी तेरा काम नक्को.” घरात सगळे हसले. तो थांबला नाही, पुढच्या चेंडूला लागला. मी त्याला अजून काहीच सुधारून सांगितलेलं नाही. शाळेत पुढच्या महिन्यात वक्तृत्व स्पर्धा आहे आणि त्यानं नाव दिलं आहे. विषय टिळकच.

रोज संध्याकाळी आम्ही दोघं ‘ळ’ म्हणून बघतो. जीभ मागे वळवायची आणि सोडायची. कधी जमतो, कधी नाही. नाही जमला तर काय करायचं, हे मात्र त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं आहे. त्याच्या दादांनी, म्हणजे माझ्या अब्बांनी, सांगितलं होतं तेच. हंसे तो हंसने दे, तू पूरा बोल.